पगाराला हात लावण्याआधी ते पत्र चालकाला दाखवा: ब्रिटनमधील मराठी उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यवसाय करणारे आणि कर्मचाऱ्यांना कंपनीची गाडी देणारे सर्व मराठी उद्योजक

सस्नेह नमस्कार.

वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणाऱ्या लंडनजवळच्या स्लाव येथील एका छोट्या कंपनीत मी गेली ९ वर्षे काम करते. १४ गाड्यांच्या नोंदी, विमा, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), लीजची बिले आणि महिन्याचे पगारपत्रक ही माझ्याकडची कामे. गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत आपल्यापैकी अनेकांशी बोलणे होते. कोणाचे उपाहारगृह आहे, कोणाची फार्मसी आहे, कोणी विजेची कामे घेतो, कोणी आमच्यासारखीच केअर एजन्सी चालवतो. या सगळ्या व्यवसायांत गाडी कंपनीच्या नावावर किंवा लीजवर असते, ती चालवतो कर्मचारी, आणि अटी मोडून गाडी उभी केल्याबद्दल पैसे मागणारे खासगी पार्किंग कंपनीचे पत्र मात्र ज्याने ती जागा कधी पाहिलेलीही नसते अशा माणसाच्या टेबलावर येऊन पडते. असे एक टेबल माझेही आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी विनंती एकच आहे. असे पत्र आले की पैसे भरून मोकळे होऊ नका आणि ती रक्कम चालकाच्या पगारातून कापून घेऊ नका. पत्र त्याच दिवशी चालकाला दाखवा, त्याचे म्हणणे ऐका, आणि काय करायचे ते त्यानंतर ठरवा.

ही विनंती मी एका चुकीतून शिकले आहे, आणि त्या चुकीत माझाही हात होता. महाराष्ट्रातून नुकतीच आलेली एक तरुण मुलगी आमच्याकडे केअरर म्हणून रुजू झाली होती. एकदा ती एका आजींना तपासणीसाठी आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या पार्किंगचे काम एका खासगी कंपनीकडे होते आणि येणाऱ्याने स्वागतकक्षातल्या टॅब्लेटवर गाडीचा नंबर भरायचा, अशी पद्धत होती. तिची नेहमीची गाडी त्या आठवड्यात दुरुस्तीला गेली होती आणि लीज कंपनीने बदली गाडी दिली होती. आजींना खुर्चीत बसवून ती टॅब्लेटपाशी गेली आणि सवयीने जुन्या गाडीचा नंबर भरून आली. कॅमेऱ्याने बदली गाडीचा नंबर टिपला आणि १०० पौंडांची नोटीस लीज कंपनीकडे गेली. लीज कंपनीने कोणालाही न विचारता सवलतीतले ६० पौंड भरले, त्यावर स्वतःचे ३० पौंड प्रक्रियाशुल्क लावले आणि महिन्याच्या बिलात ९० पौंडांची एक ओळ घातली. ती ओळ पाहून मी ते ९० पौंड त्या मुलीच्या पगारातून वजा केले. घटना घडून तेव्हा दीड महिना उलटला होता. ती काही बोलली नाही. तिचा व्हिसा आमच्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर होता, आणि अशा माणसाला पगारपत्रकावर प्रश्न विचारणे किती जड जाते हे मला तेव्हा समजायला हवे होते.

पुढे दुसऱ्याच कामासाठी पार्किंग कंपन्यांची आचारसंहिता वाचत असताना मला कळले की नंबर भरताना एखादे अक्षर किंवा आकडा चुकला असेल तर पुराव्यासह अपील केल्यावर मागणी रद्द व्हायला हवी, आणि पूर्ण वेगळाच नंबर भरला गेला असेल तर ती २० पौंडांवर यायला हवी. म्हणजे जे काम एका पत्राने फार तर २० पौंडांत मिटले असते त्याचे ९० पौंड झाले, आणि ते सगळ्यांत कमी पगार असलेल्या व्यक्तीने भरले. अपील करायचे तरी कशावर? पैसे भरल्याबरोबर ते प्रकरण बंद झाले होते.

हे सारे नेमके कसे चालते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिला घोटाळा नावातच आहे. कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) पेनल्टी चार्ज नोटीस आणि खासगी कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस या दोहोंना लोक पीसीएनच म्हणतात. कौन्सिलची नोटीस हा कायद्याने लावलेला दंड असतो. त्याची जबाबदारी गाडीच्या मालकावर असते आणि ‘गाडी आमचा कर्मचारी चालवत होता’ असे सांगून कंपनीला ती टाळता येत नाही. खासगी नोटीस हा दंड नव्हे. जागेच्या फलकावर लिहिलेल्या अटी मान्य करून चालकाने तिथे गाडी उभी केली आणि त्या अटी मोडल्या, असा दावा करणारी ती कराराखालची मागणी असते. पाकीट उघडल्यावर पत्र यांपैकी कोणते आहे हे आधी पाहावे, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर ठरते.

खासगी मागणी मुळात चालकाकडून वसूल करायची असते. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने खासगी जागेवर गाडीला जॅमर लावण्यावर बंदी घातली, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने पार्किंग कंपन्यांना, चालक कोण ते कळत नसेल तर, काही अटींवर गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली असते त्याच्याकडून, पैसे मागण्याचा अधिकार दिला. १ ऑक्टोबर २०१२ पासून हे लागू आहे. हे परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतेच आहे, त्यामुळे ग्लासगो किंवा बेलफास्टमध्ये आपली शाखा असेल तर तिथला विचार वेगळा करावा लागेल. कीपरचे नाव आणि पत्ता पार्किंग कंपनीला डीव्हीएलए या सरकारी वाहननोंदणी संस्थेकडून प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड भरून मिळतो. आरएसी फाउंडेशन या मोटारविषयक अभ्याससंस्थेने डीव्हीएलएच्या आकड्यांवरून केलेल्या हिशेबानुसार २०२४-२५ या एका वर्षात अशा १ कोटी ४० लाखांहून अधिक नोंदी मागवल्या गेल्या. त्यांतल्या काही आपल्या टेबलांवर येणारच.

परिशिष्टातल्या अटी काटेकोर आहेत आणि कंपनीच्या गाडीच्या बाबतीत त्या विशेष उपयोगी पडतात. काचेवर नोटीस लावलेली नसेल, म्हणजे फक्त कॅमेऱ्यावरून मागणी आलेली असेल, तर गाडी उभी केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत ती कीपरकडे पोहोचायला हवी. काचेवर नोटीस लावली असेल तर कीपरकडची नोटीस पहिल्या २८ दिवसांनंतर आणि ५६ दिवसांच्या आत यावी लागते. ही मुदत चुकली की कायद्याने दिलेला कीपरकडून वसुलीचा अधिकार राहत नाही. म्हणूनच आमच्या कार्यालयात आता प्रत्येक पाकिटावर ते मिळाल्याची तारीख लिहून पाकीट पत्रालाच जोडून ठेवले जाते.

गाडी लीजवर असेल तर साखळीत आणखी एक कडी येते. नोंदणीकृत कीपर बहुधा लीज कंपनीच असते, आणि पहिली नोटीस तिच्याकडे जाते. लीज कंपनीला ती जबाबदारी अंगावर घेण्याची गरज नसते. नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत तिने तीन कागद पार्किंग कंपनीला पाठवायचे असतात: गाडी त्या वेळी अमुक ग्राहकाकडे होती असे सही केलेले निवेदन, भाडेकराराची प्रत, आणि त्या कराराखाली ग्राहकाने सही केलेल्या जबाबदारीच्या लेखाची प्रत. तसे केल्यावर लीज कंपनी मोकळी होते. त्यानंतर पार्किंग कंपनीने २१ दिवसांच्या आत ग्राहकाला, म्हणजे आपल्या कंपनीला, नवी नोटीस द्यायची असते आणि तिच्यासोबत हे तिन्ही कागद आणि मूळ नोटिशीची प्रत जोडायची असते. माझ्या अनुभवात हे कागद जोडलेले क्वचितच येतात, आणि ते नसतील तर अपिलातला आपला सगळ्यांत भक्कम मुद्दा तोच असतो. हायर पर्चेसवर, म्हणजे हप्ते संपल्यावर आपली होईल अशा करारावर, घेतलेल्या गाडीला मात्र ही सोय नाही. तो करार कायद्याने यातून वगळला आहे, आणि तशा गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) बहुधा आपल्याच कंपनीचे नाव कीपर म्हणून असते.

एवढी व्यवस्था असूनही अनेक लीज कंपन्या आधी पैसे भरतात आणि मग शुल्कासह आपल्याकडून वसूल करतात, कारण त्यांना ते सोपे पडते आणि करारात तशी मुभा लिहिलेली असते. आपण लीजच्या करारावर सही करताना मासिक हप्ता आणि मैलांची मर्यादा नीट पाहतो, हे कलम मात्र वाचत नाही. मला वाटते, पुढच्या वेळी नूतनीकरणाच्या आधी लीज कंपनीला लेखी सांगावे की खासगी पार्किंगची मागणी भरू नका, जबाबदारी आमच्याकडे हस्तांतरित करा. आम्ही तसे सांगितले आणि त्यांनी ते एका ईमेलवर मान्य केले. इतकी वर्षे आम्ही विचारलेच नव्हते.

कंपनी स्वतः कीपर असेल तर तिला चालकाचे नाव आणि समन्स बजावता येईल असा पत्ता पार्किंग कंपनीला कळवता येतो. न्यायालयात दावा दाखल होण्यापूर्वी तो कळवला तर परिशिष्टाखाली कीपरकडून पैसे मागता येत नाहीत. पण ही वाट दिसताच कर्मचाऱ्याचे नाव देऊन हात झटकणारे मालकही मी पाहिले आहेत, आणि ते मला योग्य वाटत नाही. एक तर कंपनीच्या कामासाठी गाडी उभी करणारा कर्मचारी कंपनीच्या वतीने तो करार करतो, हा युक्तिवाद इंग्लंडच्या न्यायालयात टिकलेला आहे, त्यामुळे नाव दिल्याने कंपनी पुरती सुटेलच असे नाही. दुसरे असे की, ज्याला इंग्रजीत अपील कसे लिहायचे हे माहीत नाही, त्याच्या घरी वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रे जाऊ लागली की त्याची झोप उडते. नाव द्यायचेच असेल तर त्याला विचारून द्यावे आणि अपील कंपनीच्या कार्यालयाने लिहून द्यावे.

आता दुसऱ्या टोकाच्या सल्ल्याबद्दल. ‘खासगी नोटीस आहे, फाडून टाका, काही होत नाही,’ असे आपल्या मंडळींत आजही सांगितले जाते. त्या सल्ल्याचे दिवस गेले. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये २ तास मोफत असताना ५६ मिनिटे जास्त थांबल्याबद्दल ८५ पौंडांची मागणी झाली होती, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने पार्किंगआय कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि ती रक्कम अवास्तव दंड ठरत नाही असे सांगितले. फलक ठळक होते आणि जागेची व्यवस्था राखण्यात कंपनीचे न्याय्य हित होते, हे त्या निकालामागचे कारण. त्यामुळे प्रत्येक मागणी योग्यच असते असे नाही, पण ती दुर्लक्षाने विरून जाते असेही आता कोणी म्हणू नये.

दुर्लक्षाची किंमत छोट्या कंपनीला फार मोठी पडते. आपल्यापैकी अनेकांच्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता हिशेबनिसाचा असतो. न्यायालयाचा क्लेम फॉर्म, म्हणजे दावा दाखल झाल्याचा कागद, तिकडे जातो, ढिगात पडून राहतो, आणि १४ दिवसांत पोच किंवा उत्तर दिले नाही तर एकतर्फी निकाल लागतो. पोच वेळेत दिली तर बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. निकालाची रक्कम महिन्याभरात भरली तर नोंद पुसली जाते, नाहीतर तो निकाल ‘काउंटी कोर्ट जजमेंट’ म्हणून ६ वर्षे कंपनीच्या पतनोंदीत राहतो आणि पुढच्या गाडीच्या लीजसाठी अर्ज केल्यावर समोर येतो. वसुली एजन्सीच्या पत्रांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. त्यांना दार ठोठावून काही उचलून नेण्याचा अधिकार नसतो, आणि त्यांनी मूळ रकमेत वाढवलेले ७० पौंड पत्रात छापले म्हणून देय होत नाहीत. धमकीचे पत्र आणि क्लेम फॉर्म यांतला फरक टपाल उघडणाऱ्या माणसाला शिकवणे, एवढे केले तरी पुष्कळ नुकसान टळते.

अपिलाची वाट बिनखर्ची आहे. पार्किंग कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशन या उद्योगसंघटनेची सदस्य असेल तर आधी तिच्याकडे अपील करायचे आणि तिने नाकारल्यावर २८ दिवसांत पॉपला या स्वतंत्र सेवेकडे जायचे. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दुसऱ्या संघटनेच्या सदस्यांसाठी वेगळी अपील सेवा आहे. पॉपलाचा निर्णय पार्किंग कंपनीला बांधतो, आपल्याला बांधत नाही. दोन्ही संघटनांनी मिळून २०२४ मध्ये एकच आचारसंहिता आणली आहे. वेळ संपल्यावर निघायला किमान १० मिनिटांची सवलत तीत आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या सुधारणेने, कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पार्किंगमध्ये आल्यापासून ५ मिनिटांत पैसे भरता आले नाहीत तरी जाण्यापूर्वी भरले असतील तर केवळ तेवढ्यासाठी मागणी करता येत नाही. ही सगळी आचारसंहिता उद्योगाने स्वतःच लिहिलेली आहे. संसदेने २०१९ मध्ये सरकारी आचारसंहितेसाठी कायदा केला, २०२२ च्या फेब्रुवारीत ती प्रसिद्धही झाली, आणि पार्किंग कंपन्या न्यायालयात गेल्यावर जूनमध्ये मागे घेण्यात आली. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने पुन्हा सूचना मागवल्या. त्या चर्चेत मोठ्या वाहनताफ्यांच्या संघटना बोलतात, पण चार-सहा गाड्या असलेल्या आपल्यासारख्यांचे कोणी बोलत नाही, आणि मला ती खंत वाटते.

यानंतर पगाराचा मुद्दा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत गंभीर आहे. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्याचे तेरावे कलम सांगते की कायद्याने परवानगी दिली असेल, रोजगाराच्या करारात तशी तरतूद असेल, किंवा कर्मचाऱ्याने आधी लेखी संमती दिली असेल, तरच पगारातून वजावट करता येते. यातला ‘आधी’ हा शब्द आपण सगळेच विसरतो. घटना घडून गेल्यावर घेतलेली सही त्या घटनेपुरती चालत नाही. आमच्याकडे ‘दंड चालकाने भरावा’ अशी एक ओळ कर्मचारी पुस्तिकेत होती, पण ती करारात नव्हती आणि तिच्यावर कोणाची सही घेतलेली नव्हती. म्हणजे मी कापलेले ते ९० पौंड बेकायदा कापलेले होते. त्या मुलीने एकास या नोकरीविषयक तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार नेली असती तर आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या मालकांना मी हे सगळे लिहून दिले, आणि त्यांनी पुढच्या पगारात ती रक्कम परत केली. त्यांनी स्वतः तिची माफीही मागितली, हे इथे नमूद करायला हवे.

आपण विचाराल की चालकाच्या बेफिकिरीचा भार कंपनीने का उचलावा? प्रश्न रास्त आहे. खरेदीसाठी गाडी तासभर उभी करून ठेवणारे कर्मचारीही असतात, आणि करारात स्पष्ट लिहून, सही घेऊन, अपिलाची संधी देऊन त्यांच्याकडून ती रक्कम घ्यायला माझा विरोध नाही. पण आमच्याकडच्या एका वर्षाच्या नोटिसा तारखेप्रमाणे मांडून मी वेळापत्रकाशी पडताळल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक आमच्याच वेळापत्रकातून जन्मल्या होत्या. दोन भेटींमध्ये आम्ही ५ मिनिटे ठेवतो. तेवढ्यात गाडी हलवून, नवी जागा शोधून, यंत्रापाशी जाऊन, नंबर भरून दुसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचायचे असते. फ्लॅटच्या आवारात पाहुण्यांचा परवाना घरातल्या आजोबांकडे असतो, तो आणायला केअरर वर जाते, आणि तेवढ्यात खाली फोटो निघतो. इलेक्ट्रिशियनच्या व्हॅनचे, जेवण पोहोचवणाऱ्या मुलाचे हेच होते. तो धावतो तो आपल्या कामासाठी.

आम्ही आता प्रत्येक गाडीत एक कागद ठेवला आहे. फलकाचा फोटो काढा, पावती जपून ठेवा, नंबर भरल्यावर पडद्याचा फोटो काढा, बदली गाडी असेल तर तिचा नंबर हातावर लिहून घ्या, आणि काचेवर काही मिळाले तर त्याच दिवशी कार्यालयाला कळवा, एवढेच त्यावर मराठी, पंजाबी आणि इंग्रजीत लिहिले आहे. ज्या इमारतींत रोज जावे लागते त्यांच्या व्यवस्थापनाला पत्र लिहून आमच्या गाड्यांचे नंबर परवानायादीत घालून घेतले आहेत. तीन ठिकाणी त्यांनी ते आनंदाने केले, एका ठिकाणी अजून पाठपुरावा चालू आहे.

आपण या आठवड्यात आणखी एक करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गेल्या वर्षभराची पगारपत्रके काढा आणि पार्किंगच्या नावाने कोणाच्या पगारातून काय कापले ते पाहा. प्रत्येक वजावटीपुढे त्या व्यक्तीची लेखी संमती आहे का आणि तिच्यावरची तारीख घटनेच्या आधीची आहे का ते तपासा. नसेल तर ती रक्कम पुढच्या पगारात परत करा, त्याने मागण्याची वाट पाहू नका. आमच्या यादीत त्या मुलीखेरीज आणखी चार नावे निघाली. त्यांतले दोघे नोकरी सोडून गेले होते. त्यांचे पत्ते शोधून धनादेश पाठवले, एकाचा पत्ता बदललेला असल्याने तो परत आला आहे, आणि तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवून मी त्याचा नवा पत्ता शोधते आहे.

कळावे.

आपली नम्र,
स्लाव येथील एक वाहन आणि पगार लिपिक